‘होम रन’ काढायचा की मारायचा?

बेसबॉलच्या बातम्या मराठीत लिहिताना ‘होम रन’साठी ‘षटकार’ हा शब्द योजावा का, आणि चेंडू मैदानाबाहेर जात असताना या शब्दात ‘होम’ कुठून आले, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे. ‘होम रन’ हे मुळात फटक्याचे नाव नसून धावण्याचे नाव आहे, आणि म्हणून ‘षटकार’ हा त्याचा प्रतिशब्द होऊ शकत नाही.

बेसबॉलच्या मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार तळ असतात. त्यांपैकी ज्या कोपऱ्यावर उभे राहून फलंदाज चेंडू टोलवतो, तो ‘होम’. तेथून पहिला, दुसरा आणि तिसरा तळ गाठून खेळाडू पुन्हा होमवर आला की संघाच्या नावावर एक धाव लागते. सोंगट्यांच्या पटावर सोंगटी सगळी फेरी पुरी करून घरात येते, तसाच हा प्रकार आहे. दोन तळांमधले ९० फुटांचे अंतर १८५७ पासून ठरलेले आहे, म्हणजे पूर्ण फेरी ३६० फुटांची होते. ‘घरी येणे’ ही कल्पना मात्र अमेरिकी बेसबॉलहून जुनी आहे. लंडनच्या जॉन न्यूबेरी यांनी १७४४ मध्ये मुलांसाठी काढलेल्या एका पुस्तकात या खेळावर चार ओळी आहेत, आणि त्यांतला मुलगा चेंडू टोलवून पुढच्या खांबाकडे धावतो व मग आनंदाने घरी येतो. शब्दाचा दुसरा भाग मागाहून रूढ झाला. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमांत धावेला ‘एस’ म्हटले आहे आणि असे २१ ‘एस’ करणारा संघ जिंकत असे. क्रिकेटमधला ‘रन’ हा शब्द त्यानंतर बेसबॉलमध्ये स्थिरावला.

साधारण फटक्यावर फलंदाज पहिल्या किंवा दुसऱ्या तळापर्यंत पोहोचतो आणि पुढचा फलंदाज चेंडू मारीपर्यंत तेथेच थांबतो. आपल्याच एका फटक्यावर, मध्ये कुठेही न थांबता, त्याने थेट घर गाठले तर तो होम रन. सुरुवातीच्या मैदानांना कुंपणच नसे. चेंडू क्षेत्ररक्षकांना चुकवून दूर गवतात गेला की फलंदाजाने जीव तोडून धावायचे, एवढाच त्याचा अर्थ होता. नॅशनल लीग ही अमेरिकेतील व्यावसायिक संघांची स्पर्धा १८७६ मध्ये सुरू झाली, आणि त्या वर्षी २ मे रोजी शिकागोच्या रॉस बार्न्स यांनी सिनसिनाटीत त्या लीगमधला पहिला होम रन केला, तोही चेंडू मैदानातच असताना धावून. सॅम क्रॉफर्ड यांच्या १९०१ च्या मोसमातील १६ होम रनांपैकी १२ याच जातीचे होते.

मराठीत आपण धावा ‘काढतो’ आणि षटकार ‘मारतो’ किंवा ‘ठोकतो’. ही दोन क्रियापदे समोर ठेवली की होम रनचा इतिहास फार स्पष्ट दिसतो, असे मला वाटते. जो होम रन आधी ‘काढला’ जात होता, तो पन्नास-साठ वर्षांत ‘मारला’ जाऊ लागला. हा बदल कुंपणाने घडवला, आणि ते कुंपण फटक्यांसाठी घातलेलेच नव्हते. ब्रुकलिनचे युनियन ग्राउंड्स १८६२ मध्ये बंदिस्त करण्यात आले, ते प्रेक्षकांकडून प्रवेशाचे पैसे घेता यावेत म्हणून. भिंती आल्या, आणि भिंतीपलीकडे गेलेल्या चेंडूचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्याबरोबर आला. प्रत्येक मैदानाने आपापल्या सोयीने त्याचा निवाडा केला. शिकागोच्या लेक फ्रंट पार्कमध्ये डावीकडचे कुंपण अवघ्या १८० फुटांवर होते. १८८३ मध्ये तेथे कुंपणापार गेलेल्या चेंडूवर फलंदाजाला दोनच तळ मिळत. पुढच्या वर्षी तोच फटका होम रन ठरवण्यात आला. त्याचा परिणाम नेड विल्यमसन यांच्या आकड्यांत पाहावा. १८८३ मध्ये त्यांच्या नावावर दोन तळांचे ४९ फटके आणि २ होम रन होते, तर १८८४ मध्ये होम रन २७ झाले, आणि त्यांपैकी २५ शिकागोतच. फलंदाज तोच, कुंपण तेच, केवळ नाव बदलले. तरी त्यांचा २७ चा उच्चांक १९१९ पर्यंत टिकला, कारण मधल्या काळात होम रन ही दुर्मीळ गोष्ट होती. फ्रँक बेकर यांना ‘होम रन बेकर’ म्हणत, आणि त्यांचा एका मोसमातला सर्वोत्तम आकडा १२ होता.

हा काळ बेब रूथ यांनी संपवला. त्यांनी १९१९ मध्ये २९, १९२० मध्ये ५४ आणि १९२७ मध्ये ६० होम रन मारले. १९२० मधील त्यांचा एकट्याचा आकडा न्यूयॉर्क यांकीज हा त्यांचा स्वतःचा संघ आणि फिलाडेल्फिया फिलीज वगळता नॅशनल आणि अमेरिकन या दोन्ही लीगमधल्या प्रत्येक संघाच्या बेरजेहून मोठा होता. अर्थात श्रेय त्यांच्या मनगटाइतकेच बदललेल्या परिस्थितीलाही द्यावे लागते. चेंडूला थुंकी लावून टाकण्यावर १९२० पासून बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फलंदाज रे चॅपमन यांच्या डोक्यावर चेंडू बसून त्यांचा मृत्यू झाला, आणि मळून काळा पडलेला चेंडू तसाच वापरत राहण्याऐवजी स्वच्छ, नीट दिसणारा चेंडू खेळात ठेवण्याकडे कल वळला.

नियमांनी मात्र धावण्याला सोडले नव्हते. १९२० पूर्वी, शेवटच्या डावात सामना जिंकून देणारा गडी घरी पोहोचला की खेळ तेथेच संपे, आणि फलंदाजाला त्या धावेपुरतेच तळ मिळत. ८ जुलै १९१८ रोजी बोस्टनमध्ये, तेव्हा बोस्टनकडूनच खेळणाऱ्या रूथ यांनी दहाव्या डावात चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला, पण पहिल्या तळावरचा सहकारी घरी येताच बोस्टनने सामना १–० असा जिंकला आणि रूथ यांच्या नावावर केवळ तीन तळांचा फटका लागला. एक टप्पा पडून प्रेक्षकांत गेलेला चेंडूही १९३० च्या सुमारापर्यंत होम रन धरला जाई. आज त्यावर दोनच तळ मिळतात.

षटकाराशी असलेला खरा भेद येथेच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू सीमेपार गेला की धावा आपोआप मिळतात, फलंदाजाने पाऊलही उचलावे लागत नाही. बेसबॉलमध्ये चेंडू कितीही लांब गेला तरी चारही तळांना क्रमाने स्पर्श करून यावेच लागते. १७ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यूयॉर्क मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ज ३–३ अशा बरोबरीत असताना पंधराव्या डावात मेट्सच्या रॉबिन व्हेंचुरा यांनी चेंडू कुंपणापार पाठवला. तिन्ही तळांवर मेट्सचे गडी होते, त्यामुळे एरवी चार धावा मिळायच्या. परंतु पहिला तळ ओलांडताच आनंदाने बेभान झालेल्या सहकाऱ्यांनी त्यांना घेरून उचलून धरले आणि ते पुढे गेलेच नाहीत. सामना ४–३ असा संपला, आणि व्हेंचुरा यांच्या खात्यात एका तळाचा साधा फटका जमा झाला. त्याआधी मे १९५९ मध्ये मिलवॉकीच्या जो ॲडकॉक यांचाही होम रन असाच गेला होता. धावताना त्यांनी पुढे असलेले सहकारी हँक ॲरन यांना नियमाविरुद्ध मागे टाकले आणि ॲडकॉक यांच्या नावावर दोनच तळ राहिले.

दुसरा आक्षेप संख्येचा. षटकारात ‘षट्’ आहे, म्हणजे सहा. होम रनवर तळांवर किती गडी आहेत त्याप्रमाणे एक ते चार धावा मिळतात. ‘त्याच्या षटकाराने संघाला दोन धावा मिळाल्या’ हे वाक्य मराठी वाचकाला चुकीचे वाटले तर तो दोष वाचकाचा नाही.

इतर भाषांनी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. जपानीत ‘होन्रुइदा’ म्हणजे ‘मुख्य तळाचा फटका’ असा शब्द घडवला गेला आणि त्याच्या जोडीला ‘होमु रन’ही चालतो. ८६८ होम रन करणारे सादाहारु ओ त्याच देशातले. स्पॅनिशने इंग्रजी शब्दच ‘होनरोन’ असा उच्चारून आपला केला, शिवाय ‘क्वाद्रांगुलार’ म्हणजे ‘चौकोनी’ हा स्वतःचा शब्दही वापरात ठेवला. मराठीत ‘घरधाव’ असा शब्द करता येईल, पण आपल्याकडे शालेय सॉफ्टबॉल खेळणारी मुले ‘होम रन’च म्हणतात, तेव्हा तोच ठेवावा असे माझे मत आहे. क्रियापद मात्र प्रसंग पाहून निवडावे. चेंडू कुंपणापार गेला असेल तर ‘होम रन मारला’ म्हणावे, आणि चेंडू मैदानातच असताना खेळाडू धावून घरी आला असेल, जसे इचिरो सुझुकी २००७ च्या ऑल-स्टार सामन्यात आले, तर ‘होम रन काढला’ असे लिहावे.