पाळकसाहेबांची बदली मागण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) सचिव समुपदेशनाला आले, ते बदलीच्या अर्जाचा कच्चा मसुदा घेऊनच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पाळकसाहेब चिडके झालेत, उपदेश तोच तोच, घरभेटी बंद. ‘देवाचा माणूस असा खचतो का?’ हा प्रश्न बऱ्याच मंडळ्यांतून येतो.

खचतो. कर्मेल डोंगरावर बाजी मारलेला संदेष्टा एलीया लगेच रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला (बायबल, १ राजे १९). देवदूताने त्याला बोल लावले नाहीत. भाकर-पाणी दिलं आणि झोपू दिलं.

सचिवांना एकच काम दिलं : पाळकसाहेबांसोबत बसून मागच्या आठवड्याचा हिशेब लिहा. कागदावर आलं ते असं. रविवारी दुचाकीवर तीन गावांत तीन उपासना. सोमवारी पेशंट घेऊन सेवाग्रामचा दवाखाना, मुक्काम तिथेच. मंगळवारी माती (अंत्यविधी). बुधवारी कार्यालयाचे कागद, गुरुवारी दोन घरांतला धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, शनिवारी लग्न. उपदेशाची तयारी शनिवारी रात्री अकरानंतर. उपदेश तोच तोच का होतो, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

उपाय सासऱ्याने, इथ्रोनेच, मोशेला सांगितलाय (निर्गम १८) : कामं वाटा. दहा घरांमागे एक वडील (मंडळीतला जबाबदार ज्येष्ठ) नेमा. आजारपणाचा पहिला फोन त्यांना; प्रकृती गंभीर असेल किंवा घरच्यांनी मागणी केली, तरच पाळकांना. हे बिघडतं एकाच जागी. लोक म्हणतात, ‘वडील आले, पाळक नाही आले.’ म्हणून सलग तीन रविवार ही घोषणा सचिवांनीच करावी. पाळकांनी केली तर ती कामचुकारपणा वाटते. सोमवारची सुट्टी द्यायची, तर त्या दिवशी फोनही सचिवांकडे हवा. नाहीतर ती सुट्टी कागदावरच राहते.

पैशाचं गणितही बघा. पेरणीपासून सोयाबीन घरात येईपर्यंत अर्पणाची पेटी हलकी, आणि मानधन तेव्हाच रखडतं. कापणीच्या सणाच्या अर्पणातून तीन महिन्यांचं मानधन आधीच वेगळं काढा. शाल-श्रीफळाने किराण्याची उधारी फिटत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ‘पाळकांना मानसिक त्रास आहे, प्रार्थना करा’ अशी विनंती प्रार्थनासभेत मांडू नका. संध्याकाळपर्यंत ती चावडीवर पोहोचते. मन मोकळं करायला त्यांना दुसऱ्या मंडळीचा एखादा ज्येष्ठ पाळक लागतो. आपल्याच सभासदापुढे ते बोलणार नाहीत.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे न्या. ‘मी नसलो तर बरं’ असं एकदा जरी बोलले, तरी त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो. प्रार्थना करा, पण दवाखान्याऐवजी नको.

पैशाची अफरातफर, बाईमाणसाशी किंवा लेकराशी गैरवर्तन, हे थकव्याच्या खात्यात टाकू नका. तिथे वरिष्ठ आणि गरज पडली तर पोलीस.

आणि पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी. संडे स्कूल, महिला मंडळ, येणाऱ्या-जाणाऱ्याचा चहा हे सगळं बिनपगारी. यातलं काय नको आहे, ते त्यांना स्वतंत्रपणे विचारा. विचारायला कमिटीतली बाईच जाऊ द्या.