‘तुमचंच काहीतरी चुकलं असेल’

प्रश्न : ताई, मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे. दोन महिन्यांपूर्वी नाइटला एका पेशंटच्या मुलानं ‘डॉक्टर कुठे मेलाय’ म्हणत माझ्या थोबाडीत मारली. मेट्रन म्हणाल्या, ‘तुमचंच काहीतरी चुकलं असेल.’ सांडलेला ट्रे मावशींनी उचलला, चहा आणून दिला. तेव्हापासून झोप नाही, जेवण जात नाही. स्वारगेटला बसमधून उतरले की पाय जड होतात. घरी साताऱ्याला सांगितलं तर ‘नोकरी सोड’ म्हणतील. (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

उत्तर : सिस्टर, मूळ पत्रात थपडेला एक ओळ आहे आणि मेट्रनच्या वाक्याला अख्खं पान. दुखतंय कुठे, ते तूच दाखवलंस.

बेड रिकामा नाही, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे, डिपॉझिटचा आकडा डोक्यात. संतापलेल्या नातेवाइकाला समोर सापडते ती सिस्टर. यात तुझं काय चुकलं? (मेट्रनबाईंनीही कधीतरी नाइट केल्या असतीलच की!)

महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरला मारणं जसं दखलपात्र, अजामीनपात्र, तसंच नर्सला मारणंही; ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांत जायचं की नाही, तू ठरव. पण तारीख, वेळ, हजर कोण होतं, हे लिहून अर्ज दे, सीसीटीव्ही फुटेज जपायला सांग आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेव.

दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक उडाली, मन कशात लागेना, तर ते डिप्रेशन असू शकतं. पेशंटनं असं सांगितलं असतं तर तू त्याला ‘होईल बरं’ म्हणून घरी पाठवलं असतंस का? ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर मात्र ड्यूटी संपायची वाट पाहू नकोस, तिथूनच फोन लाव.

घरी सगळ्यांना नको, एकाच कुणाला तरी सांग. ‘सल्ला नको, नुसतं ऐक’ असं आधीच बजावून.

आणि त्या मावशी. पुढच्या ड्यूटीला चहा तू घेऊन जा. साक्षीदार म्हणून नाव घालू का, विचार. कंत्राटावर असतील तर कचरतील, आग्रह धरू नकोस. त्यांची नाइट कधी आहे तेवढं विचार, आणि जमलं तर आपली ड्यूटी त्याच रात्री लावून घे.