संगणकाला कामाला लावताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आणि खाली काही गाळे. एक्सेलच्या यादीवरून वर्डमध्ये मेल मर्ज करून (एकाच पत्रात यादीतली नावं-आकडे आपोआप भरून) मेंटेनन्सची बिलं काढतो. तारखेत महिना आधी येतो, आणि गाळ्यांच्या बिलांवर क्रमांकाच्या जागी कोरं किंवा शून्य छापलं जातं. एक्सेलमध्ये मात्र सगळं बरोबर दिसतं. (सचिव, गृहनिर्माण संस्था, डोंबिवली)

वर्ड एक्सेलकडून फक्त आतली किंमत उचलतं. तुम्ही सेलला दिलेलं रूप, म्हणजे तारखेची मांडणी, दोन दशांश वगैरे, तिकडेच राहतं. त्यामुळे ते रूप वर्डमध्ये पुन्हा सांगावं लागतं. मर्जच्या मूळ पत्रात तारखेच्या फील्डवर (यादीतली माहिती जिथे भरली जाते त्या जागेवर) उजवं क्लिक करून ‘टॉगल फील्ड कोड्स’ निवडा. महिरपी कंसात फील्डचं नाव दिसेल. त्यापुढे एक जागा सोडून \@ "डीडी/एमएम/वायवायवायवाय" लिहा, अक्षरं अर्थातच इंग्रजी. यातला ‘एम’ मोठ्या लिपीतलाच हवा. छोटा ‘एम’ म्हणजे मिनिटं, आणि मग तारखेच्या मधोमध ०० छापलं जातं. रुपयांच्या फील्डला याच पद्धतीने \# "०.००" जोडा (शून्यं इंग्रजी आकड्यांत), म्हणजे १८४७.५० च्या जागी १८४७.४९९९९ अशी शेपटी येणार नाही. मग फील्डवर एफ-९ दाबा आणि प्रिव्ह्यू पाहा.

गाळ्यांची भानगड वेगळी. वर्ड आणि एक्सेल यांच्यातला दुवा कॉलममध्ये आकडे आहेत की मजकूर, हे पहिल्या ८ ओळींवरून ठरवतो. तुमच्या यादीत वरती १०१, १०२, १०३ असे निव्वळ आकडे असणार. मग खाली ‘गाळा-३’ आला की तो आकडा नाही म्हणून टाकून दिला जातो. कॉलमला नुसतं ‘टेक्स्ट’ फॉरमॅट देऊन भागत नाही, कारण आधी भरलेले आकडे आकडेच राहतात. पूर्ण कॉलम निवडा, ‘डेटा’मधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, तिसऱ्या पायरीवर ‘टेक्स्ट’ निवडा आणि ‘फिनिश’ करा. फाइल सेव्ह करून बंद करा आणि वर्डमधून यादी पुन्हा जोडा. सगळीकडे ‘ए-१०१’ असं विंगसकट लिहिलं तर हा प्रश्न मुळातच उरत नाही.

आणि मर्ज थेट प्रिंटरला कधीच पाठवू नका. ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ने आधी नवी फाइल बनवा, पानं मोजा, पहिलं, शेवटचं आणि गाळ्याचं एक बिल डोळ्यांखालून घाला, मगच छापा.

प्रश्न : टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी विंडोजची सोय) रोज रात्री ११ वाजता रोबोकॉपीची (विंडोजची फाइली कॉपी करणारी आज्ञा) बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची यादी असलेली फाइल, चालते आणि हिशोबाचं फोल्डर लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर जातं. कधी चालते, कधी नाही. चालली तरी ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये ०एक्स१ दिसतो. म्हणजे बॅकअप होतच नाही का? (लेखापाल, इचलकरंजी)

०एक्स१ मधल्या त्या १ ला घाबरू नका, पण त्याच्यावर विसंबूही नका. रोबोकॉपीच्या भाषेत ० म्हणजे कॉपी करण्यासारखं नवीन काही नव्हतं आणि १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. ७ पर्यंत काळजी नाही, ८ पासून पुढे काहीतरी कॉपी व्हायचं राहिलं. अडचण अशी की बॅच फाइलमध्ये दुसरीच काही चूक असली तरी बहुतेक वेळा १ च येतो. म्हणून आज्ञेत /लॉग: देऊन त्यापुढे एका मजकूर फाइलचं नाव लिहा. त्या फाइलच्या शेवटी तक्ता येतो, त्यातला ‘फेल्ड’चा रकाना शून्य आहे का, एवढंच बघायचं.

आता न चालण्याबद्दल. टास्कच्या ‘कंडिशन्स’ पानावर ‘संगणक विजेवर असेल तरच सुरू करा’ अशा अर्थाची खूण सुरुवातीपासूनच असते. ११ ला वीज गेलेली असेल किंवा चार्जर काढलेला असेल, तर टास्क गुपचूप बसतो. ती खूण काढा. ‘वेक द कॉम्प्युटर’ला खूण करा, त्याने झोपलेला संगणक जागा होतो, बंद केलेला मात्र नाही. ‘सेटिंग्ज’ पानावर ‘हुकलेला टास्क शक्य तितक्या लवकर चालवा’ हा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करा.

खरा घोळ बहुधा पुढच्या गोष्टीत आहे. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल तर रोबोकॉपी थांबून पुन्हा प्रयत्न करतं. किती वेळा? तुम्ही काहीच सांगितलं नसेल तर १० लाख वेळा, दर खेपेला ३० सेकंद थांबून. एका अडकलेल्या फाइलमागे सुमारे ३४७ दिवस! टास्क शेड्युलर बिचारा आपल्या नियमाप्रमाणे ३ दिवसांनी टास्क बंद पाडतो. पण जुना चालू असताना नवा सुरू करायचा नाही हाही त्याचाच नियम, म्हणून मधल्या रात्री कोऱ्या जातात. आज्ञेच्या शेवटी /आर:२ /डब्ल्यू:५ जोडा (इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे): दोन प्रयत्न, पाच-पाच सेकंद, मग पुढची फाइल. हिशोबाचा प्रोग्रॅम रात्री बंद करूनच उठत जा. उघड्या डेटाची कॉपी झाली तरी ती परत उघडेलच असं नाही.

आज्ञेत /एमआयआर असेल तर तो काढून /ई (उपफोल्डरांसह फक्त कॉपी) घाला. /एमआयआर म्हणजे तंतोतंत प्रतिबिंब: लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल त्याच रात्री बॅकअपमधूनही पुसली जाते. त्याला बॅकअप म्हणायला आमचा जीव धजत नाही. शिवाय बाहेरच्या डिस्कचं अक्षर पेनड्राइव्ह आधी लावला की बदलू शकतं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिला शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका. फोल्डरचं नाव मराठीत असेल तर बॅच फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं जपणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करा आणि पहिल्या ओळीत ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा इंग्रजीत लिहा, नाहीतर नावाचे चौकोन होतात आणि ‘फोल्डर सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं.

प्रश्न : बँकेची स्टेटमेंट्स एकत्र करायला एक्सेलमध्ये मॅक्रो (केलेल्या कृती पुन्हा आपोआप करणारी नोंद) रेकॉर्ड केला. पुढच्या महिन्याच्या फाइलवर तो अर्ध्याच ओळी घेतो. (वाचक, नाशिक)

रेकॉर्डरने तुमची बोटं गिरवली. तुम्ही २१० व्या ओळीपर्यंत निवड केली होती, म्हणून तो दर वेळी २१० वरच थांबतो. ‘डेव्हलपर’ टॅबवर ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू ठेवून आणि कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण वापरून पुन्हा रेकॉर्ड केलंत तर सुधारेल. पण मधे रिकामा सेल आला की तोही अडखळतो, आणि मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल-झेडने मागे येता येत नाही.

या कामाला आम्ही मॅक्रो वापरणारच नाही. सगळी स्टेटमेंट्स एका फोल्डरात टाका आणि ‘डेटा – गेट डेटा – फ्रॉम फाइल – फ्रॉम फोल्डर’ने पॉवर क्वेरी (एक्सेलमधली फाइली जोडण्याची सोय) उघडा. एकदा जुळणी केली की दर महिन्याला फोल्डरात नवी फाइल टाकून फक्त ‘रिफ्रेश’. तारखांच्या कॉलमचा प्रकार बदलताना ‘यूजिंग लोकेल’मधून ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा, नाहीतर ०५/०४ ही ५ एप्रिल की ४ मे हे तुमच्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं, आणि एररही येत नाही. एकाच बँकेची फाइल आणि तेच कॉलमचे मथळे असतील तरच हे निर्धोक चालतं. बँकेने मथळा बदलला की क्वेरी ‘कॉलम सापडला नाही’ म्हणून थांबते. चुकीचं काही गुपचूप जोडण्यापेक्षा थांबलेलं बरंच. रिफ्रेश करताना फोल्डरातली एखादी फाइल एक्सेलमध्ये उघडी असेल तर तिची लपलेली तात्पुरती प्रतही क्वेरीत शिरते आणि गाडी अडते, तेव्हा आधी सगळ्या फाइली बंद करा.

प्रश्न : आधी कॉपी केलेलं परत मिळतं का? (विद्यार्थिनी, पुणे)

विंडोज-व्ही दाबा, आणि पहिल्यांदा विचारेल तेव्हा ‘टर्न ऑन’ करा. तिथून पुढच्या २५ गोष्टी राहतात. पिन केलेल्या सोडून बाकीच्या संगणक रीस्टार्ट केला की जातात. कॉपी केलेले पासवर्डही या यादीत उघडे दिसू शकतात, म्हणून कॉलेजच्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर हे चालू करू नका.

प्रश्न : नोटिशीतले तेच तेच परिच्छेद वर्डमध्ये मराठीत पुन्हा टाइप करावे लागतात. (वकिलांचे कारकून, सातारा)

परिच्छेद निवडा, ऑल्ट-एफ-३ दाबा, लहानसं नाव द्या, उदाहरणार्थ ‘नोट१’. नंतर ते नाव टाइप करून एफ-३ दाबलं की पूर्ण परिच्छेद मांडणीसकट येतो. नाव मराठीतच ठेवा, म्हणजे कीबोर्ड बदलावा लागत नाही. वर्ड बंद करताना ‘बिल्डिंग ब्लॉक्स’मधले बदल सेव्ह करायचे का, असं विचारतं. घाईत ‘नाही’ म्हटलं की दिवसभर साठवलेलं गेलं. मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला (त्याच फॉन्टमध्ये वाचता येणारा) असेल तर आधी तो युनिकोडमध्ये आणून घ्या, नाहीतर फॉन्ट बदलल्याबरोबर तो वाचता येणार नाही.