दोन लिटरचा हिशेब

प्रिय मावशी,

चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत मी एचआर बघते. यंदा वेलनेसचा कार्यक्रम अगदी मनापासून आखला. बुधवारी योगा, ध्यानाचं ॲप आणि प्रत्येकीला दोन लिटरची बाटली. शिफ्टमध्ये ती संपवायची, असं 'हायड्रेशन चॅलेंज'. योगाला जेमतेम नऊ जणी येतात. बाटल्या लॉकरमध्ये कोरड्या पडल्यात. एकीने तर तिच्यात घरी तेल भरून ठेवलंय म्हणून सांगितलं आणि सगळ्या हसल्या. मला रडूच आलं. पाणी प्यायला काय त्रास आहे? बाथरूमला रिलीव्हर, म्हणजे लाइनवर तेवढा वेळ बदली उभा राहणारा माणूस, आला की जायचं एवढाच नियम, तोही जुनाच. एका लाइनवर ३२ मुली आणि एक रिलीव्हर, शिस्त लागतेच. साहेब म्हणतात, वेलनेसवर एक रुपया घातला की तीन परत येतात, मग आपले कुठे गेले? या मुलींना स्वतःच्या तब्येतीची कदर कशी शिकवू?

– एक वैतागलेली एचआर

अगं वैतागलेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. जी तू 'तोही जुनाच' म्हणून झटकून टाकलीस, त्या ओळीवर. योगा राहू दे बाजूला. कागद-पेन घे.

लाइन सोडून बाथरूमपर्यंत जाणं, रांग, परत येऊन हातमोजे चढवणं, सगळं मिळून सहा मिनिटं धर. आठ तासांतून जेवण आणि दोन चहा वजा केले की उरतात साधारण ४३० मिनिटं. ३२ मुली प्रत्येकी दोनदा गेल्या तर ३८४ मिनिटं झाली. रिलीव्हर दिवसभर टेकला नाही आणि त्याला स्वतःला कधी लागलीच नाही, तर कसंबसं बसतं गणित. आता तुझं चॅलेंज. दोन लिटर पिऊन प्रत्येकीला चारदा जावं लागू दे. ७६८ मिनिटं. शिफ्ट तेवढीच, ४३० ची. वरची ३३८ मिनिटं त्या मुलींनी पोटात धरून कशी काढायची, ते तुझ्या पोस्टरवर लिहिलंय का गं?

मी लग्नाआधी दोन वर्षं भोसरीत एका कारखान्यात पॅकिंगला होते. सकाळच्या बसआधी चहा घ्यायचा नाही, डब्यात ताक न्यायचं नाही, आमटीसुद्धा घट्टच, हे पहिल्याच आठवड्यात बरोबरच्या बायकांनी शिकवलं. बारा वाजले की जीभ टाळूला चिकटायची. पाळीच्या दिवसांत एकावर एक दोन घड्या. लघवीला जळजळ व्हायची, तिला आम्ही 'उष्णता' म्हणायचो आणि रात्री सब्जा भिजत घालायचो. शेवटी ताप भरला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी पीत नाहीस का गं?" मी हसले. तुझ्या मुली हसल्या ना, तश्शीच. दुसरं काय करणार? सगळं सांगायचं म्हणजे सुपरवायझरपासून सुरुवात करावी लागली असती.

तुझा रिलीव्हर बाई आहे की बाप्या, तेही लिहिलं नाहीस. बाप्या असेल तर एकोणीस वर्षांची ट्रेनी पोरगी हात वर करून त्याला बोलावेल, या भ्रमात राहू नको.

आणि नियम जुना म्हणतेस, तर त्याहून जुनं सांगते. १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं की, कामगार कारखान्यात असेपर्यंत सर्व वेळ त्याला शौचालय सहज वापरता आलं पाहिजे. सर्व वेळ. 'रिलीव्हर आला की' असं त्यात कुठेही नव्हतं.

साहेबांच्या रुपयाचंही सांगून टाकते, कारण ते वाक्य सल्लागार मंडळी सगळीकडे विकतात. एकाचे तीन हा आकडा अमेरिकेतला, २०१० सालच्या एका अभ्यासातला. तो मांडणाऱ्या तिघांपैकी दोघांनी पुढे एका मोठ्या दुकानसाखळीत नीट पारख केली. १६० शाखा, जवळजवळ ३३ हजार माणसं, आणि कार्यक्रम कुठे राबवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. २०१९ मध्ये निकाल आला. दीड वर्षानंतर 'मी नियमित व्यायाम करतो' असं सांगणारे वाढले होते. रक्तदाब, वजन, दवाखान्याचा खर्च, दांड्या यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सांगणारे वाढले! तुझ्या मुली निदान खोटं तरी सांगत नाहीत.

तेव्हा कदर शिकवायचं डोक्यातून काढ. त्यांना तब्येत कळते, म्हणूनच त्या पाणी पीत नाहीत. तू एकच कर. ॲप, बक्षिसं, पोस्टरं सगळं थांबव आणि त्या पैशात प्रत्येक लाइनला, प्रत्येक शिफ्टला दुसरी रिलीव्हर घे. बाईच. पैसे कमी पडले तर साहेबांशी भांड. तिथे रडू नको आणि 'महिला सक्षमीकरण' वगैरे तर अजिबात काढू नको. वरचा हिशेब त्यांच्या टेबलावर ठेव. तुमच्याकडे प्रत्येक जोडणीचा सायकल टाइम सेकंदात मोजतात, त्यांना ७६८ आणि ४३० कळायला वेळ लागायचा नाही. दोन रिलीव्हर म्हणजे ८६०, भागतं बघ बरोबर. साहेब 'बघू' म्हणाले तर तिथेच बसून राहा, तारीख घेतल्याशिवाय उठू नको.

तेलवालीवर रागावू नको. दोन लिटर मावतं, झाकण घट्ट बसतं. बाटली चांगली निवडली होतीस.

– मावशी