सगळं सामायिक, तरी मागावं लागतं

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही नवरा-बायको काही वर्षांपासून एका ख्रिस्ती समूहात राहतो. सात कुटुंबं, एकच स्वयंपाकघर, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना एकत्र आणि सगळ्यांची कमाई एका खात्यात. इथे आल्यावर पहिल्यांदा वाटलं की मला माझी माणसं मिळाली, आणि ते आजही खरं आहे. पण माझी आई आजारी असते. तिच्या औषधांसाठी मला दर महिन्याला बैठकीत पैसे मागावे लागतात. मिळतात, कोणी नाही म्हणत नाही, पण मागताना मान खाली जाते. इतर बहुतेक जण चांगल्या नोकऱ्या सोडून आलेले आहेत. ते साधेपणाबद्दल फार सुंदर बोलतात. माझ्या माहेरी साधेपणा कोणी निवडलेला नव्हता. हे मी एकदा बोलून दाखवलं, तेव्हा एका ज्येष्ठ बंधूंनी प्रेमाने समजावलं की मनात हिशेब येतो तिथे विश्वास कमी पडतो, आणि माझ्यासाठी सर्वांसमोर प्रार्थना केली. तेव्हापासून मी गप्प आहे. माझा विश्वास खरंच कमी पडतोय का?

उत्तर : नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचू शकाल.

अशा समूहांत सगळ्यात जास्त वाचले जाणारे अध्याय म्हणजे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला दुसरा आणि चौथा. येशूच्या शिष्यांच्या पहिल्या मंडळीची ती गोष्ट. विश्वास ठेवणारे एकत्र राहत, त्यांचं सारं सामायिक होतं, कोणाला काही उणं नव्हतं. तुमच्याकडेही हेच वाचलं जात असणार. पण तिथे थांबू नका, सहाव्या अध्यायापर्यंत जा. त्याच मंडळीत, त्याच आत्म्याने भरलेल्या माणसांत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणारे यहूदी कुरकुर करू लागले, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. तुमचा विश्वास तपासून पाहा, असं प्रेषित म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि वाटपाचं काम पाहायला सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचा, स्तेफनापासून नीकलावापर्यंत. सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं. पहिल्या मंडळीत हिशेबाचा प्रश्न निघाला तेव्हा तो हिशेब म्हणूनच सोडवला गेला. तुमच्या बंधूंनी तुमच्यासाठी प्रार्थना केली ती मनापासूनच केली असेल, पण उत्तर त्यांनी चुकीच्या प्रश्नाचं दिलं.

मीही अशा एका समूहात बरीच वर्षं राहिले आणि त्यातला मोठा काळ खजिनदार होते. वही माझ्या हाती आली तेव्हा मी एक गोष्ट केली. प्रत्येक खर्चापुढे लिहू लागले, की हा पैसा मागितल्यावर दिला गेला की न मागता. काही महिन्यांतच चित्र स्पष्ट झालं. सामायिक गाडीचे टायर, ज्येष्ठांचे प्रवास, पाहुण्यांची सोय, पुस्तकं, हे कोणी मागत नव्हतं. ते ‘सेवा’ या सदरात आपोआप जायचं. आईचं औषध, धाकट्या भावाची फी, बहिणीच्या बाळंतपणाचा खर्च हे ‘वैयक्तिक’. ते बैठकीत मांडायचं, कारण सांगायचं, मग मिळायचं. आणि ते मांडणारी माणसं दर वेळी तीच, गरीब घरांतून आलेली. बाकीच्यांना मागायची वेळच येत नव्हती. त्यांच्या आईवडिलांना पेन्शन होतं, भाऊ परस्पर मदत करायचा, सुट्टीत जाऊन राहायला घर होतं. त्यांनी खरोखर खूप काही सोडलं होतं, त्यांच्या त्यागाला मी कमी लेखत नाही. पण त्यांनी सोडलेलं मागे उभं होतं. बाकीच्यांच्या मागे कोणीच नव्हतं, उलट त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं होती.

मी तो हिशेब बैठकीत वाचून दाखवला, नावं न घेता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग जिचं सगळ्यात कमी ऐकलं जायचं ती बहीण म्हणाली, ‘हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’

तुमच्यासारखाच प्रश्न एका फार धाडसी समूहापुढेही आला होता. क्लॅरेन्स जॉर्डन हे बाप्टिस्ट उपदेशक आणि ग्रीक नव्या कराराचे अभ्यासक. त्यांनी, त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी आणि मार्टिन व मेबल इंग्लंड या दांपत्याने १९४२मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ ‘कोइनोनिया फार्म’ सुरू केलं. गोरे आणि काळे तिथे एका टेबलावर जेवायचे, सारख्याच मजुरीवर काम करायचे. वर्णभेदाच्या त्या काळात, त्या भागात! १९५६पासून आसपासच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, गोळीबार झाले, रस्त्याकडेची त्यांची विक्रीची टपरी बॉम्बने उडवली. शेवटी ते पेकान नावाचा सुकामेवा टपालाने दूरदूर विकून तगले. माझं मन या माणसांपाशी नेहमी नतमस्तक होतं. तरीही कमाई आणि मालमत्ता एकत्र करणारे पूर्ण सभासद झालेल्यांत काळी माणसं मोजकीच होती. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याच्या आजोबांना गुलामगिरीत स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्याला ‘मालकी सोड’ हे सुवार्तेसारखं कसं ऐकू येईल? १९६८मध्ये त्या समूहाने आपली दिशा बदलली. शेजारच्या गरीब कुटुंबांसाठी घरं बांधून ती नफा न घेता, बिनव्याजी हप्त्यांवर त्यांच्या मालकीची करून द्यायला सुरुवात केली. त्याच कामातून पुढे १९७६मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही घरं बांधणारी संस्था उभी राहिली. ‘आमच्यात या आणि सोडा’ इथून ते ‘हे तुमचं, घ्या’ इथे आले. माझ्या मते तो त्यांच्या विश्वासाचा सगळ्यात परिपक्व क्षण होता.

आता तुम्ही काय करायचं? पुढच्या बैठकीत आईसाठी पैसे मागू नका. त्याऐवजी दोन ठराव मांडा. एक, समूहाबाहेरच्या ज्या आईवडिलांचा भार सभासदांवर आहे, त्यांचा खर्च घरभाड्यासारखा वर्षाच्या अंदाजपत्रकातच धरावा. दोन, प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दरमहा एक ठरावीक रक्कम मिळावी, जिचा जाब कोणी विचारणार नाही. नवऱ्याला वेगळी, बायकोला वेगळी. कोणी म्हणालं की हे सामायिक जीवनाच्या विरुद्ध आहे, तर बेनेडिक्टच्या नियमाचा ५५वा अध्याय पुढे करा. सहाव्या शतकातला हा मठनियम खाजगी मालकीबद्दल अतिशय कडक आहे, पण तोच सांगतो की मठाधिपतीने प्रत्येकाला लागणाऱ्या सगळ्या वस्तू स्वतःहून द्याव्यात : कपडे, पादत्राणं, कमरपट्टा, चाकू, लेखणी, सुई, रुमाल, लिहायच्या पाट्या. सुईसुद्धा! म्हणजे गरजेची सबब कोणाकडे उरणार नाही.

जाब द्यायचा असेल तर सगळ्यांनी सगळ्यांना द्यावा. स्कॉटलंडमध्ये १९३८मध्ये जॉर्ज मॅक्लाउड यांनी सुरू केलेल्या आयोना समूहाचे सभासद आपापल्या घरी राहतात, पण आपला पैसा आणि वेळ कसा वापरला हे एकमेकांना सांगतात. त्यात औषधाचा हिशेब एकीने द्यायचा आणि प्रवासाचा कोणीच नाही, असं होत नाही.

आणखी एक. अनेक समूहांत नियम असतो की कोणाबद्दल खटकलं तर पाठीमागे न बोलता त्यालाच प्रेमाने सांगावं. ब्रूडरहोफ या ख्रिस्ती समूहाने १९२५मध्ये जर्मनीतल्या झानर्त्स इथे असा नियम लिहून काढला होता. बरोबरीच्या माणसांत तो फार चांगला आहे, त्याने कितीतरी घरं वाचतात. पण ज्याच्या हातात तुमच्या आईचं औषध आहे त्याला एकटीने जाऊन सांगायचं, तर तो नियम तुमच्या अंगावर ओझं होऊन बसतो. म्हणून समूहाबाहेरची, समूहाच्या पैशावर अवलंबून नसलेली एक तरी व्यक्ती तक्रार ऐकायला नेमलेली असावी. फ्रान्समध्ये १९६४मध्ये सुरू झालेल्या ‘लार्श’ या समूहाची कथा तुम्ही ऐकली असेल. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि त्यांचे सोबती तिथे एका घरात राहतात, आणि त्यांचं ते जगणं आजही मोलाचं आहे. त्याचे संस्थापक जाँ वानिए यांना जग संत मानत असे. ते २०१९मध्ये गेले. पुढच्याच वर्षी लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं, आणि २०२३च्या अहवालात अशा किमान २५ स्त्रियांची नोंद आली. संस्थेने ते लपवलं नाही, हे तिच्या बाजूचं. पण त्या स्त्रियांनी कुठे जायचं होतं? तुमच्या समूहात असं काही आहे, असा माझा मुळीच आरोप नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की प्रेमळ माणसांवरही बाहेरची नजर असावी.

तुम्हाला तुमची माणसं मिळाली आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढच्या बैठकीला नवऱ्याला आधी सांगून, दोघांनी मिळून ठराव मांडा, आणि ते मांडताना कारण म्हणून आईचं नाव घेऊ नका.

प्रश्न : समूह सोडायचं ठरवलंय. कोणाशी भांडण नाही, पण हे माझं पाचारण नाही हे मला आता कळलंय. मला सांगण्यात आलं की देमासही असाच जगाच्या प्रेमाने निघून गेला होता. मी रात्र रात्र जागा असतो.

उत्तर : देमास हा प्रेषित पौलाचा सहकारी. तो सोडून गेल्याचा उल्लेख पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात आहे. अकरावं वचनही वाचा. तिथे पौल म्हणतो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. हाच मार्क पूर्वी प्रवासात, पंफुल्या प्रांतात त्याला सोडून गेला होता, आणि त्याच्यावरूनच पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद होऊन दोघे वेगळे झाले होते. तुम्हाला एकच वचन ऐकवलं गेलं, त्याला लागून असलेलं दुसरं नाही.

बेनेडिक्टच्या नियमात नव्याने आलेल्याचे स्वतःचे कपडे काढून मठाचे दिले जातात, पण जुने कपडे फेकत नाहीत. ते कोठीत जपून ठेवतात, म्हणजे पुढे कधी तो निघालाच तर त्याचे त्याला घालता येतील. सोडून गेलेला परत आला तर त्याला तीन वेळांपर्यंत आत घ्यायची मुभा त्यात आहे. जाण्याला तो नियम चांगलं म्हणत नाही, तरीही जाणाऱ्याला उघडा पाठवत नाही.

म्हणून निघण्याआधी तुमच्या ‘कपड्यांची’ चौकशी करा. आत येताना जे दिलंत त्याची कुठे नोंद आहे का? निघताना किती मिळेल, आणि ते याआधी गेलेल्यांना दिलं गेलं का? निदान पहिले काही महिने भाडं भरता येईल एवढी रक्कम मागा आणि ती लेखी ठरवून घ्या. तिथे काढलेल्या वर्षांच्या कामाचं एक प्रमाणपत्रही घ्या, कारण नोकरी शोधताना मधल्या वर्षांबद्दल विचारतीलच. आणि शक्य असेल तर न कळवता जाऊ नका. एका संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर उठून सांगा की मी जातोय, आणि मला आशीर्वाद द्या. देणारे असतील.