गाजलेलं म्युझिकल टीव्हीवर आलं की फिकं का वाटतं?

गाणी तीच, संवाद तेच, खर्चही दांडगा, तरी टीव्हीवरचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांतून गोष्ट सांगणारं नाटक, मध्येच पोकळ का वाटतं, असं तुम्ही विचारलंय. क्लोजअप, छोटा पडदा वगैरे कारणं आहेतच. पण मला विचाराल तर खरी मेख टाळीत आहे.

म्युझिकलमधलं मोठं गाणं टाळीसाठीच बांधलेलं असतं. वाद्यवृंद शेवटचा ठसठशीत ठोका देतो, नाचणारे हात वर ठेवून जागीच थांबतात, छाती धपापत असते, आणि प्रेक्षागृह कडाडतं. तेवढ्यात नट श्वास सावरतात, दिवे बदलतात, पुढच्या प्रवेशाला वाट मिळते. प्रेक्षक काढून टाकलेत तरी ती जागा गाण्यात उरतेच, फक्त रिकामी.

एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीने ५ डिसेंबर २०१३ ला 'द साउंड ऑफ म्युझिक' थेट दाखवलं, तेव्हा नेमकं हेच झालं. नायिका झालेल्या गायिका कॅरी अंडरवुडचा आवाज खणखणीत. पण स्टुडिओत प्रेक्षकच नव्हते. गाणं संपायचं आणि क्षणभर काहीच नाही. घरोघरी एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त लोक बघत होते, पण त्यांतल्या एकाचीही दाद तिच्यापर्यंत पोचत नव्हती. अभिनयावर तेव्हा बरीच टीका झाली. मला तरी त्यातला निम्मा दोष त्या शांततेचा वाटतो.

फॉक्स या दुसऱ्या वाहिनीने ३१ जानेवारी २०१६ ला 'ग्रीज' हे म्युझिकल केलं, तेव्हा दिग्दर्शक थॉमस केलने प्रेक्षकांना थेट सेटमध्येच घेतलं. त्या दिवशी ऐनवेळी पाऊस आला, सुरुवातीच्या गाण्यात छत्र्या उघडाव्या लागल्या, तरी प्रयोगात जान होती. याच केलने 'हॅमिल्टन' या म्युझिकलचं चित्रीकरण २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरात भरल्या प्रयोगांत केलं. काही गाणी जवळून टिपायला त्याने प्रेक्षकांविनाही चित्रित केली, पण हशा आणि टाळ्या मात्र ठेवल्या. शहाणपणाचं काम.

टाळीचा सगळ्यात अवघड पेच 'पीटर पॅन'मध्ये होता. १९५४ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेलं हे म्युझिकल एनबीसीने ७ मार्च १९५५ ला थेट प्रक्षेपित केलं. टिंकर बेल ही परी मरायला टेकलेली असते आणि परीवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा, असं पीटर प्रेक्षकांना विनवतो. नाट्यगृहात टाळ्या पडतात आणि ती वाचते. टीव्हीवर काय करणार? पीटर झालेली मेरी मार्टिन सरळ कॅमेऱ्यात बघून घरच्या पोरांना विनवते. उत्तर तिला ऐकू येणं शक्यच नाही, पण ती ते ऐकू आल्यासारखं करते, आणि आपण फसतो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत अशी नजर पोचली नसती. याच म्युझिकलच्या १९६० च्या रंगीत ध्वनिचित्रफितीत मार्टिनबाई सत्तेचाळिशीच्या आसपासच्या आहेत आणि क्लोजअप ते लपवत नाही. मला खटकलं नाही; बघणाऱ्याचं मन मोठं हवं, झालं!

प्रेक्षक आत घेणं ही एक वाट, कॅमेऱ्यात बघून घरच्यांना साद घालणं ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे मुळात टीव्हीसाठीच लिहायचं. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनी 'सिंड्रेला' तसंच लिहिलं. सीबीएस वाहिनीने ते ३१ मार्च १९५७ ला थेट दाखवलं, ज्युली अँड्र्यूज नायिका. ते रंगमंचावर नंतर गेलं. त्याचं कृष्णधवल चित्रमुद्रण शिल्लक आहे, मिळालं तर बघा. आणि बघताना गाणं संपल्यावरच्या दोन-तीन सेकंदांकडे लक्ष द्या, मी काय म्हणतोय ते कळेल.