खानदेशात राहून मुलीला घोडेस्वारीच्या प्रमाणपत्राची तयारी करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेक १२ वर्षांची, गाव शहादा तालुक्यात, दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली मारवाडी घोडी घरी. पोरगी तिच्यावर बसून शिवारभर फिरते. परदेशात मुलांसाठी पायऱ्या-पायऱ्यांच्या परीक्षा असतात हे तुम्ही कुठेतरी वाचलं. त्यात काय विचारतात, आणि इथे बसून तयारी होईल का?

मी जनावरांचा डॉक्टर आहे, धुळे जिल्ह्यात तापीकाठच्या गावांत फिरतो. कॉलेजात एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी, म्हणजे घोड्यांच्या तुकडीत होतो, ‘सी’ प्रमाणपत्र तिथलंच. त्यामुळे परीक्षा देणाऱ्याच्या बाजूनेही थोडं सांगता येईल.

भाऊ, अर्धी तयारी तुमच्या गोठ्यातच होईल आणि शहरातल्या क्लबातल्या पोरांपेक्षा चांगली होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी बाहेर पडावं लागेल. गंमत अशी की लोकांना जी अर्धी खरी परीक्षा वाटते, ती ही दुसरी.

तुम्ही वाचलेल्या परीक्षा बहुधा पोनी क्लबच्या, म्हणजे मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेच्या. ब्रिटनमधला पोनी क्लब १९२९ सालचा, अमेरिकेतला १९५४ चा. ब्रिटनमध्ये पायऱ्या ‘ई’पासून सुरू होऊन वर ‘ए’पर्यंत जातात. अमेरिकेत डी-१, डी-२, डी-३, मग सी-१, सी-२. इथवर परीक्षा स्थानिक क्लबच घेतो. त्यापुढची सी-३, बी आणि ए ही राष्ट्रीय पातळीवर. ‘ए’पर्यंत फार थोडी मुलं पोचतात. या परीक्षा क्लबच्या सभासदांसाठीच असतात, म्हणून नुसती फी भरून घरबसल्या कागद मिळत नाही. कोणी तसं सांगत असेल तर पैसे देऊ नका. पण अभ्यासक्रमाला कुंपण नाही, तो कुणीही पाळावा.

या प्रत्येक पायरीवर स्वारीइतकंच वजन घोड्याच्या निगेला असतं. परीक्षक आधी घोडा बघतो. खरारा नीट झालाय का, खूर साफ आहेत का, खोगिराखालचं कापड कोरडं आहे का, तंगाच्या, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या, कातड्याला भेग आहे का. मग प्रश्न. वरच्या पायऱ्यांवर दाणा किती, चारा किती, नाल कधी मारली, जंताचं औषध कधी दिलं, सगळं लिहिलेली नोंदवही लागते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एनसीसीच्या ‘सी’ परीक्षेआधीच्या सरावाला मी झोकात फेऱ्या मारून आलो. मांड पक्की, टाच खाली, पाठ सरळ. आमचे दफेदार, म्हणजे शिकवणारे घोडदळातले हवालदार, काही बोलले नाहीत. जवळ आले, घोडीच्या कोपराच्या मागे तंगाखाली हात घातला आणि बाहेर काढून दोन बोटं मला दाखवली. ओली होती, घासलेल्या कातडीतून पाझरलेल्या पाण्याने. तंग आवळल्यावर पुढचे पाय एक-एक करून पुढे ओढायचे असतात, म्हणजे कातडीची चुणी तंगाखालून सुटते. मी ओढले नव्हते. वीस मिनिटं ती घोडी चिमटा घेऊन पळत होती. त्यांनी मला शर्ट वर करायला लावला, पोटाची वळी पट्ट्यात धरून पट्टा आवळला आणि ग्राउंडला दोन चकरा मारायला सांगितल्या. नंतर पंधरा दिवस मी फक्त लीद उचलली. आजही कुठलीही घोडी खोगीर घालून समोर आली की माझा हात आधी तिच्या कोपरामागे जातो.

तर तुमच्या लेकीने काय शिकायचं? सुरुवात अगदी साधी. घोड्याला ऐन समोरचं आणि ऐन मागचं दिसत नाही, म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जवळ जायचं. डाव्या बाजूने धरून चालवायचं. मोहोरकीचा, म्हणजे तोंडाला बांधलेल्या साजाचा, दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, घडी करून मुठीत धरायचा. हे आपल्याकडे हटकून चुकतं. यात्रेत दहा-दहा वर्षांची पोरं मनगटाला दोर वेटोळून उभी असतात, आणि घोडा बिथरला तर मनगटच जातं. बांधताना गाठ अशी मारायची की मोकळं टोक ओढलं की सुटली पाहिजे. मागचे पाय दावणीला ताणून बांधायची आपली पद्धत लेकीच्या वहीत नको.

खुरं रोज. खूरकाढणीने टाचेकडून पुढे, मधल्या मऊ त्रिकोणाला न दुखवता. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, नाल पडायची वाट न बघता. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या नालबंदाचं एकच वाक्य असायचं, “पहिले खूर देख, मंग बस.” परीक्षेची निम्मी तयारी त्यात आली.

मग घोडीची नाडी. जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवली की दोरीसारखी रक्तवाहिनी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. थर्मामीटरला दोरा बांधा, आत ओढला गेला की शोधत बसावं लागतं. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. दोन्ही कुशींना कान लावला की आत गुरगुर ऐकू आली पाहिजे. हे सगळं घोडी बरी असताना महिनाभर रोज वहीत लिहायचं, म्हणजे आजारी पडल्यावर फरक कळतो.

याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. दोन-तीन वर्षांमागे थंडीत शिरपूरकडच्या एका गावातून रात्री फोन आला. आधी बाप ओरडत होता, “डॉक्टर, घोडी लोळी राह्यनी, लवकर या!” त्याच्या हातून फोन पोरीने घेतला, सातवीतली असेल. म्हणाली, “काका, सकाळपासून लीद दोनदाच टाकलीय. नाडी ५२. हिरड्या कोरड्या. उजव्या कुशीत आवाजच नाही.” मी गाडीत बसेपर्यंत अर्धं निदान झालं होतं. धडधाकट घोडा दिवसाला साधारण आठ-दहा वेळा लीद टाकतो. चार दिवसांपासून गव्हाचा कोरडा भुसा चालू होता आणि गारठ्यामुळे घोडी पाणी कमी पीत होती, आतड्यात गोळा बसलेला. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याचा पोटशूळ गुरांपेक्षा जास्त भीतीचा. नाकातून नळी घालून तेल आणि कोमट पाणी दिलं, पहाटे चारला लीद पडली. ती पोरगी तोवर कंदिलाशेजारी बसून दर अर्ध्या तासाला नाडी लिहीत होती. त्या वहीला मी कुठल्याही पायरीचं प्रमाणपत्र दिलं असतं.

खाण्याकडे मी जास्त वेळ घेणार, कारण खानदेशात घोडी बिघडते ती इथेच. आधी वजन काढा. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन ३१२ किलोच्या आसपास. त्याच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे पाच-सहा किलो, दिवसभरात थोडा थोडा. पाणी पंचवीस लिटरच्या खाली नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बरंच जास्त. लेकीला हे गणित स्वतः करू द्या, परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

आता काय द्यायचं नाही. हिरवी, कोवळी ज्वारी नको. बैलाच्या घमेल्यातली सरकी पेंड नको. गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. म्हणून पोत्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय गोठ्यातली पाटी घोडीपुढे सरकवू नका. बुरशी लागलेला मका तर अजिबात नको, त्या बुरशीच्या विषाने घोड्याचा मेंदू कुजतो आणि त्यावर इलाज नाही. पावसात भिजलेली कणसं “घोड्याला होतील” म्हणून बाजूला काढणारे मी पाहिलेत. जे काही बदलायचं ते आठ-दहा दिवसांत हळूहळू.

आजारांत दोन नावं लेकीला माहीत हवीत. धनुर्वात, त्याची लस घोडीला आणि पोरीला दोघींनाही. आणि ग्लँडर्स, जो माणसालाही होतो आणि सापडला तर घोडा कायद्याने मारावा लागतो. यात्रेतून नवीन घोडा आणताना त्याच्या रक्ततपासणीचा कागद मागा. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत लोक अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा म्हणजे देवमण बघतात, कानांची टोकं जुळतात का बघतात, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर बोली वाढवतात. कागद मागणारे आणि खूर उचलून बघणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके.

आता स्वारी. इथे तुमच्या घोडीची एक अडचण येईल. मारवाडी घोडी बहुतेक रवाल चालते, म्हणजे धक्के न देणारी सपाट चाल, बसणाऱ्याच्या हातातला चहाही सांडत नाही, आणि आपल्याकडे किंमत त्याचीच. परीक्षेत मात्र दुडकी लागते. पुढचा एक आणि मागचा तिरका पाय एकदम पडतो, ठेके दोन. त्या ठेक्यावर उठायचं-बसायचं, आणि वर्तुळात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जातो तेव्हा उठायचं. रवालीत हा ठेकाच नसतो, मग पोरगी शिकणार कशी? त्यासाठी दुडकी चालणारा, शिकाऊ मुलांसाठी तयार केलेला घोडा हवा. सुट्टीत पंधरा दिवस एखाद्या जाणत्या क्लबात घालवा. मुंबईला महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब जुना आहे. तुमच्याकडून सेंधव्याचा घाट चढला की इंदूरही लांब नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणणाऱ्या चौघांतली सुदिप्ती हजेला इंदूरचीच. ड्रेसाज म्हणजे घोडा वर्तुळात, सरळ रेषेत, सांगितलेल्या चालीने शांतपणे नेणं. ढोलावर घोडी नाचवायची आपली हौस याच्या अगदी उलट. घोडीच्या तोंडात काटेरी लगाम असेल तर आजच काढा. जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी तो बेकायदा आहे, आणि त्याच्यावर शिकलेल्या हाताला हलकी लगाम कधीच कळत नाही.

घरी सरावाला २० बाय ४० मीटरचा चौक चुन्याने आखा. पऱ्हाटी उपटलेल्या शेतात नको, एखादं बुडखं राहतंच. काळ्या रानातही नको, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाय गेला की मोडतो. नदीकडची रेताड किंवा मुरमाड जागा बघा. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, काढून साध्या चालीत दहा मिनिटं, रोज. बघणाऱ्याला कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात दिसली पाहिजेत. उड्यांचा विचार यानंतर वर्षभराने.

हेल्मेट घोडेस्वारीचंच, हनुवटीखाली पट्टा असलेलं. मोटरसायकलचं चालत नाही. एकदा जोरात आपटलं की फेकायचं, कितीही महाग असलं तरी. बूट टाचेचे. रिकीब बुटापेक्षा अडीच सेंटिमीटर रुंद, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. ओढणी घरी.

कागदाचं म्हणाल तर भारतात मुलांसाठी खरी चढण अश्वारोहण महासंघाच्या ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धांची आहे, आणि तिथे क्लबातूनच जावं लागतं. मोठी होऊन पशुवैद्यकीय कॉलेजला गेली तर एनसीसीची घोड्यांची तुकडी आहेच.

या आठवड्यात एवढं करा. घोडीला सपाट दगडी जागेवर उभी करून पुढच्या दोन्ही खुरांचे बाजूने फोटो काढा, मोबाइल जमिनीला टेकवून. आणि लेकीला सात दिवस सकाळी नाडी मोजून लिहायला सांगा. दोन्ही इथेच टाका. टाच लांबली आहे का ते फोटोवरून सांगतो, नालबंदाला काय सांगायचं तेही.